मनूचे काय झाले?

शाळेत हजेरी घेताना गुरुजी माझ्या नावापाशी आले की थोडे थांबत. त्याआधीच्या शैला, शोभा, मंगला आणि दोन सुनंदा भराभर 'हजर' म्हणून मोकळ्या झालेल्या असत. मग गुरुजी चष्मा नीट करीत आणि ओढ्यातल्या दगडांवर पाय देत जावे तसे म्हणत, "मन-कर्-णिका." वर्गात खसखस पिके. मधल्या सुट्टीत मुले 'काय कर्णा, कवचकुंडले घरी विसरलास?' म्हणून विचारीत. पुढे एका बाईंनी मला वर्षभर 'मनोरमा' म्हणून हाक मारली, आणि मीही वर्षभर ओ दिली. आगळे नाव असले की मूल लवकर धीट होते असे म्हणतात. मला मात्र कोणत्याही नावाला ओ देण्याची सवय लागली.

हे नाव मी छापलेले पाहिले ते नववीत असताना, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे. लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू ती. झाशीच्या राणीचेही तेच नाव, हे मला इतिहासाच्या पुस्तकामुळे ठाऊक होते. पण राणी घोड्यावर बसलेली, हातात तलवार, तिच्याशी आपले काय जमणार? ही मनू मात्र आमच्याच वाड्यातली वाटली. सोवळ्या-ओवळ्याच्या वेडाने पछाडलेले वडील आणि त्यांच्या धाकात वाढणारी मुले, हे सारे वाचताना मी हसत होते आणि मनातून घाबरतही होते.

मग लग्न झाले, मनूची लक्ष्मी झाली, आणि पुस्तक तसेच पुढे चालले. मी चार पाने मागे गेले. वाचताना काही निसटले की काय असे वाटले. काही निसटले नव्हते. गेलेल्या नावासाठी लेखिका थांबत नाही, एवढेच. झाशीची मनकर्णिका लक्ष्मीबाई झाली, जलालपूरचीही लक्ष्मीबाईच झाली. या नावाच्या मुलींचे पुढे असेच होत असावे, असे माझ्या त्या वयाच्या डोक्याने ठरवून टाकले.

मनूचे काय झाले, हा तेव्हा पडलेला प्रश्न पुढे तीस वर्षे मराठी शिकवताना मी निरनिराळ्या पुस्तकांना विचारीत आले. दिवाळीच्या फराळाबरोबर आज तोच वाचकांपुढे ठेवते आहे. आत्मचरित्रांविषयी आपल्याकडे थोडेथोडके लिहिले गेलेले नाही. प्रांजळपणा पाहिला गेला, भाषेचा घरगुतीपणा वाखाणला गेला, त्या काळाचे चित्र किती खरे आहे याची चर्चा झाली. पण आत्मचरित्र ही 'मी'ची गोष्ट. आणि त्या 'मी'चे नावच अकराव्या-बाराव्या वर्षी एका दिवसात पालटते, तेव्हा पुढची गोष्ट नेमके कोण सांगते, हे आम्ही समीक्षकांनी विचारले नाही. स्त्री-लेखिका तेथून भरकन पुढे गेली की तिला आपण 'सहजता' म्हणतो. ती सहजता असेलही. प्रत्येक वेळी ती असतेच असे मला वाटत नाही.

माझ्या वाट्याला हे नाव कसे आले, ते येथे सांगितले पाहिजे. कारण पुस्तकांकडे पाहण्याची माझी नजर त्या हकिकतीने बदलली.

माझ्या बारशाच्या दिवशी वडिलांनी 'शुभदा' हे नाव ठरवले होते. मामाने पाळण्यावर लावायला त्या नावाची कागदी अक्षरेही कापून आणली होती. पण बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झाले, आत्या पाळण्यात वाकली, तिने माझ्या कानाशी कुर्र केले आणि बायकांकडे वळून मोठ्याने सांगितले, "मनकर्णिका!" आई चकित झाली, वडील रागावले. पण कानात सांगितलेले नाव परत घेता येत नाही. आत्याने त्या दिवशी कोणालाच कारण सांगितले नाही. मी कॉलेजात गेल्यावर तिने मला सांगितले की हे तिच्या आईचे, म्हणजे माझ्या आजीचे, माहेरचे नाव. आजी वाईची. तिचे आजोबा काशीयात्रा करून आले त्या वर्षी ती जन्मली, म्हणून तेथल्या घाटाचे नाव तिला मिळाले. नवव्या वर्षी लग्न होऊन ती सातारला आली आणि जानकी झाली. आमच्या घरात आजीला दुसरे एखादे नाव होते हे माझ्या वडिलांनासुद्धा ठाऊक नव्हते. आजीने ते सांगितले होते फक्त लेकीला, आणि तेही एकदाच, लेक सासरी निघाली त्या दिवशी.

हे ऐकल्यावर मला लहानपणची एक गोष्ट आठवली. मी सात-आठ वर्षांची असेन. आईने स्वयंपाकघरातून "मनू, ये गं जरा" अशी हाक मारली, आणि माजघरात तांदूळ निवडत बसलेली आजी म्हणाली, "आले हो." मी हसले. आजी हसली नाही. ती पुन्हा सुपात पाहू लागली. म्हातारपणामुळे ऐकण्यात काही घोटाळा झाला असेल, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो.

ही आजी डोळ्यांपुढे ठेवून मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचले. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघालेल्या या पुस्तकाविषयी मला आज असे म्हणावेसे वाटते की मनूचे नाव त्यात लवकर मिटते, पण मनूचा आवाज शेवटपर्यंत मिटत नाही. टिळकांचा तापट स्वभाव, हातचे देऊन टाकण्याचे त्यांचे वेड, संसाराची त्यामुळे होणारी त्रेधा, हे सांगताना जे बोलते ते 'कवी टिळकांच्या पत्नी'चे बोलणे नव्हे. वडीलधाऱ्यांचा वेडेपणा आडून पाहणाऱ्या आणि तो जसाच्या तसा सांगून टाकणाऱ्या जलालपूरच्या पोरीचे ते बोलणे आहे. त्यात तक्रार कमी आणि पाहणे जास्त.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बराच काळ विरह सोसून १९०० साली बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलताना नाव बदलण्याची चाल त्या काळी परकी नव्हती. तरीही नारायण वामन टिळक ते तसेच राहिले, आणि लक्ष्मीबाईही लक्ष्मीबाईच राहिल्या. धर्म पालटला, जात सुटली, सोवळे गेले, पण नाव टिकले. जे नाव धर्मांतराने हलले नाही, त्याच्या आधीचे नाव एका साध्या, रीतसर, घरोघर होणाऱ्या लग्नाने पुसले होते! या दोन प्रसंगांपैकी पहिल्यावर आपल्याकडे ग्रंथ झाले आहेत. दुसरा इतका नेहमीचा की त्यात पाहण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेच नाही.

यमुनांचे तर काय सांगावे! देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात आली आणि रमाबाई झाली. कल्याणच्या जोश्यांची यमुना गोपाळराव जोश्यांशी लग्न होऊन आनंदी झाली आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टरीची पदवी घेती झाली. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहिले तेव्हा आत्मकथा सांगायला त्यांनी जी मुलगी निवडली तिचेही नाव यमू. नदीच्या नावाच्या मुली घरोघर होत्या हे त्याचे साधे कारण. तरी गंमत वाटते ती ही, की खऱ्या यमुना रमाबाई आणि आनंदीबाई म्हणून इतिहासात गेल्या, आणि यमू या नावाने मराठी माणसाला रडवले ते एका कल्पित मुलीने.

रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० सालचे पुस्तक मी आदराने वाचते. पण त्यात यमुनेला शोधणे कठीण जाते. शिकू लागल्याबद्दल घरातल्या बायकांनी केलेला जाच त्यात आहे, आणि ती पाने मराठी गद्यातली अस्सल पाने आहेत. तरीही पुस्तक यजमानांचे आहे. शीर्षकात 'आमच्या' म्हटले तरी दिव्याची वात सारखी एकाच बाजूला वळवलेली आहे. आणि श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या कादंबरीचे नावच पाहा: 'आनंदी गोपाळ'. एक शब्द नवऱ्याने दिलेला, दुसरा शब्द नवराच. नाव अतिशय समर्पक आहे. मी दोष देत नाही. त्या संसाराचे सारे वैभव आणि सारी कोंडी त्या दोन शब्दांत आहे.

आनंदीबाई कर्व्यांची गोष्ट मला यापेक्षा मौजेची वाटते. माहेरची गोदू, बालविधवा. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला तेव्हा नाव ठेवले आनंदी. मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांना वाळीत टाकले. एवढे सगळे झाले, पण घरच्यादारच्यांनी त्या बाईंना जन्मभर हाक मारली ती 'बाया' म्हणून! 'माझे पुराण' वाचताना वाटते, की जुने नाव गेले आणि नवे चिकटलेच नाही, म्हणूनच की काय ही बाई इतकी मोकळी बोलते.

आपल्या भाषेने नवऱ्याचे नाव घेण्यासाठी उखाण्यासारखा एक छंदोबद्ध प्रकार निर्माण केला. हळदीकुंकवाला, मंगळागौरीला, डोहाळजेवणाला नाव घ्यायचे ते त्याचे. लग्नात घास भरवताना नवराही बायकोचे नाव घेतो, पण ते त्याच सुमारास ठेवलेले नवे नाव. जुने नाव शेवटचे एकदा घेण्यासाठी मात्र मराठीत ओवी नाही, उखाणा नाही, काही नाही.

आता माझे. दुसऱ्यांच्या पुस्तकांना प्रश्न विचारणाऱ्याने आपली पाटी कोरी ठेवू नये. १९७६ साली माझे लग्न झाले. ताम्हणात तांदूळ पसरले, यांच्या हातात सोन्याची अंगठी दिली, आणि नाव लिहिण्याआधी यांनी हळूच विचारले, "तुला काय आवडेल?" मराठीची एम. ए. झालेली, 'स्मृतिचित्रे'वर निबंध लिहिलेली मी म्हणाले, "तुम्ही लिहाल ते." यांनी 'माधवी' लिहिले. सासूबाईंना ते आवडले, मलाही वाईट वाटले नाही. आत्या समोर बसली होती. ती उठून आत गेली. पदवीवर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, त्यामुळे पुढे शपथपत्रे झाली, सरकारी राजपत्रात जाहिरात झाली. त्या खटपटीचे मला काही वाटले नाही. आत्या उठून गेली ते मात्र अजून दिसते. यांनी मला 'माधवी' अशी हाक कधी मारली नाहीच. जन्मभर 'अगं'.

तेव्हा लक्ष्मीबाई का थांबल्या नाहीत, हे मी कोणत्या तोंडाने विचारू? मीही तो प्रसंग तीस वर्षे एका वाक्यात उरकत आले होते.

दोन वर्षांनी, १९७८ साली, 'बलुतं' आले. दया पवारांचे ते पुस्तक आले तेव्हा मराठी वाचक हादरला, ते त्यातल्या जगाने. मीही हादरले. पण मला आणखी एका गोष्टीने धरून ठेवले, ती म्हणजे पुस्तकाची मांडणी. शिकलेल्या, शहरात नोकरी करणाऱ्या दया पवाराला त्याची कहाणी सांगतो आहे दगडू मारुती पवार. माणूस एकच, नावे दोन. जुने नाव बोलते आहे आणि नवे नाव ऐकते आहे. 'दगडू' हे नाव आपल्या वाट्याला का आले, महारवाड्यात कचरू आणि धोंड्याच का जन्मतात, हा प्रश्न ते पुस्तक सोडून देत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव जुगुप्सित असावे असा नियम आहे. तो कोणी न वाचताही गावोगाव कसा पाळला गेला, ते या पुस्तकाने दाखवले.

येथे कोणी म्हणेल, आणि एका विद्वान मित्रांनी मला तसे म्हटलेही, की धोंडो हे नाव कर्व्यांचेही होते. मुले जगत नसली की दृष्ट लागू नये, यमाला हेवा वाटू नये, म्हणून असे नाव ठेवण्याची चाल सर्व जातींत होती. चाल होती हे खरे. पण दगड दोन असले तरी ते पडले दोन निराळ्या अंगणांत. धोंडो केशव कर्वे 'महर्षी' झाले, १९५८ साली भारतरत्न झाले, आणि त्यांच्या नावातला धोंडा कोणाला टोचला नाही. देवघरात ठेवलेल्या दगडाला शेंदूर लागतो. दगडूला त्याच्या नावातला दगड दर हजेरीला लागला. माझ्या हजेरीतली ती खसखस आणि ही हजेरी यांची मी तुलना करीत नाही. तसे केले तर तो निर्लज्जपणा होईल. एका सुंदर नावाच्या जागी दुसरे सुंदर नाव येणे वेगळे, आणि नावातच समाजाने थुंकून ठेवणे वेगळे.

तरीही एक समीक्षक म्हणून मला जे दिसले ते सांगितले पाहिजे. नाव पालटल्याने माणसाचे दोन तुकडे होतात, हे दया पवारांनी ओळखले आणि त्या तुकड्यांना समोरासमोर बसवून बोलते केले. दलित आत्मकथनाने मराठीला नवे अनुभव दिले असे आपण नेहमी म्हणतो. त्याने ही एक रीतही दिली, ती आपण पुरेशी पाहिली नाही. यमुनेने रमाबाईंना काय सांगितले असते? गोदूने आनंदीबाईंना? त्या लेखिकांच्या हाती अशी रीत नव्हती. नाव बदलणे हा मुळी अनुभव आहे, हेच कोणी त्यांना सांगितले नव्हते. म्हणून त्या पुढे गेल्या. आता त्यांच्या पुढे जाण्याला 'सहजता' म्हणताना माझी जीभ अडखळते.

नाव स्वतः निवडून घेणारी एक बाई आपल्याकडे होऊन गेली. बाळूताई खरे यांनी १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केले ते 'विभावरी शिरूरकर' या नावाने. त्यावर केवढे वादळ उठले, आणि ही विभावरी कोण याचा केवढा शोध झाला, ते सर्वांना ठाऊक आहे. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन त्या मालतीबाई झाल्या. म्हणजे एक नाव आईबापांनी दिलेले, एक सासरचे, आणि मधले एक स्वतःचे. सर्वांत निर्भय लिहिले ते त्या मधल्या नावाने. नाव आणि आडनाव दोन्ही टाकून दिल्यावरच प्रौढ कुमारिकांचे मन उघड सांगता आले, यात त्या काळाची जितकी निंदा आहे तितकीच त्या लेखणीची करामत आहे. याउलट कुसुमाग्रजांचे पाहा. गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक गेल्यावर विष्णु वामन झाले. म्हणजे नाव पालटण्याचा अनुभव या पुरुषालाही आला. मग कवितेसाठी त्यांनी जे नाव घेतले ते बहिणीच्या नावातून, कुसुमचा अग्रज म्हणून. दत्तकविधानाने जे नाते पालटत नाही, त्यालाच त्यांनी धरले. हे मी माझ्या समजुतीने म्हणते आहे.

परवा एक विद्यार्थिनी भेटायला आली होती. ती म्हणाली, "बाई, आता कोण नाव बदलतं? हा विषय संपला." शहरापुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण २०११ साली आमच्याच सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली. नको असताना झालेली, म्हणून नकुशी. त्यांना नवी नावे निवडू दिली. त्यांतली एखादी पुढे लिहील तेव्हा मनूपेक्षा दगडूचे पुस्तक तिच्या अधिक उपयोगी पडेल, असे मी त्या विद्यार्थिनीला म्हटले. माझ्या स्वतःच्या नावाचे म्हणाल तर २०१९ साली झाशीच्या राणीवर त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला, तेव्हापासून बँकेतली मुलेही ते न अडखळता उच्चारतात, आणि पुढे कौतुकाने हसतात.

शेवटी आडनावाकडे येते. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत फार पूर्वी छापलेला आहे. त्यात आमचे 'कर'ने संपणारे आडनाव कोणत्या गावावरून पडले, मूळ उपनाव काय होते, पेशवाईत कोणाला काय वतन मिळाले, याचा मोठा खल आहे. तो मी आवडीने वाचला आहे. पेशव्यांचेच मूळ आडनाव भट; पदाचे आडनाव झाले आणि मूळचे मागे पडले. पुरुषांची आडनावे अशी पदाने, गावाने, वतनाने बदलत गेली, आणि प्रत्येक बदलाची नोंद कोणीतरी जपून ठेवली. आजीविषयी त्या ग्रंथात दोन शब्द आहेत: 'पत्नी जानकी'. पुढे माहेरचे आडनाव आणि गाव कंसात. माहेरचे नाव नाही.

गेल्या चैत्रात त्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी माहिती मागवणारा छापील कागद माझ्या भावाकडे आला. त्यात 'पत्नीचे नाव' यासमोर एकच ओळ आखलेली. भावाने कागद माझ्याकडे दिला. आजीच्या ओळीत मी 'जानकी' लिहिले आणि जागा पुरत नव्हती म्हणून समासात, बारीक अक्षरात, 'पूर्वाश्रमीची मनकर्णिका, वाई' असे लिहून पाठवले. संपादकांचे कार्ड आले आहे. समासातला मजकूर छापण्याची पद्धत नाही, तरी विचार करू, असे ते लिहितात. मी त्यांना पुन्हा पत्र टाकले आहे.